पायलीला टेकलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, आणि त्यातून मुका. माझ्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीचं झाकण रबरबँड लावून जागेवर बसवलं आहे, आणि माझा स्पीकर नऊ वर्षांपासून बंद आहे. तरीही छाती पुढे काढून सांगतो, माझ्याएवढं बोलणं पाहिलेला फोन भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. हो, 'पाहिलेला' असंच म्हणतो आहे. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिल्यांदा उजेड पाहिला तो साकोलीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटातून. दहा-अकरा वर्षं झाली त्याला. करडी गावचा अंकुश तेव्हा साकोलीच्या एसटी आगारात नुकताच मेकॅनिक म्हणून लागला होता. पहिला पगार झाला आणि तो थेट दुकानात आला. त्याने कॅमेरा विचारला, मेमरी विचारली, गाणी किती मावतात तेही विचारलं. या फोनला किती वर्षं अपडेट मिळत राहतील, हे मात्र त्याने विचारलं नाही. तेव्हा कोणीच विचारत नसे, आणि दुकानदारही आपणहून सांगत नसे.

अपडेट म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. आम्हाला बनवणारे लोक आम्हाला विकल्यावरही काही वर्षं आमची काळजी घेतात. आमच्या आतल्या फटी बुजवतात, आणि नवी ॲप समजावीत म्हणून थोडी थोडी नवी अक्कल धाडतात. मग एक दिवस ते थांबतं. कोणाचं दोन वर्षांत थांबतं, कोणाचं सात वर्षांत. फोन धडधाकट असला तरी थांबतं.

मी वर्षाचा झालो तेव्हा माझ्यासाठी एक मोठा अपडेट आला. पडद्यावर दोन बटणं उमटली, 'आता' आणि 'नंतर'. अंकुशने आगारातल्या सोबत्याला विचारलं.

"हात नोको लावू," सोबती म्हणाला. "अपडेट केला का फोन ढिला पडते."

अंकुशने 'नंतर' दाबलं. आठ दिवसांनी मी पुन्हा विचारलं, पुन्हा 'नंतर'. मित्रांनो, मी एकोणीस वेळा विचारलं. विसाव्यांदा विचारायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं, कारण तोवर कंपनीने माझ्या पिढीकडे पाठ फिरवली होती.

पुढे एका रोवणीच्या दिवसांत, भाताच्या बांधीत उतरताना मी अंकुशच्या खिशातून निसटलो आणि चिखलात तोंडघशी पडलो. मला पुसून तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्यात आलं. "तांदुळाले चिखलाचा वास येऊन राहिला," म्हणून अंकुशची आई, वच्छलाबाई, तीन दिवस करवादत होत्या. मी वाचलो, पण आवाज गेला तो गेलाच. अंकुशने दुसरा फोन घेतला आणि माझं काय करायचं असा प्रश्न पडला.

अंकुशची धाकटी बहीण रत्नमाला हिला जन्मापासून ऐकू येत नाही. भंडाऱ्याच्या निवासी शाळेतून दहावी होऊन ती त्याच वर्षी घरी परतली होती.

"हा रत्नाले देऊन टाकू," अंकुश म्हणाला. "तिले आवाज कायले पाह्यजे?"

तो हसला. वच्छलाबाई हसल्या नाहीत, आणि मलाही राग आला. मोडका फोन आणि ऐकू न येणारी पोर, अशी जोडी लावून दिल्यासारखं वाटलं. पण खरं सांगू का? त्या एका टोमण्याने माझ्या आयुष्याचं सोनं झालं.

रत्नमालेने मला शिलाई मशीनवर ठेवलं. धान मोजायची जुनी पायली उलटी करून मला तिच्या आधाराने टेकवलं आणि शाळेतली मैत्रीण दामिनी हिला व्हिडिओ कॉल लावला. दामिनीलाही ऐकू येत नाही. पडद्यावर दामिनीचा चेहरा आला, आणि मग तासभर मला बांगड्यांच्या किणकिणीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, आता माईकही गेला. मग लक्षात आलं, या दोघी हातांनी बोलताहेत. बाकी सगळं जग फोन हातात धरून बोलतं. हिला बोलायला दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून मला पायलीचा आधार.

हळूहळू मलाही त्यांची भाषा समजू लागली. शाळेच्या वसतिगृहात मुलींनी एकमेकींना हातांची नावं दिली होती. दामिनी हातपंपावर पडली होती आणि तिच्या हनुवटीला टाके पडले होते, म्हणून हनुवटीला दोनदा बोट लावलं की दामिनी. रत्नमालेच्या उजव्या भुवईच्या टोकाला तीळ आहे, तिथे बोट टेकवलं की रत्नमाला. या नावांनी त्या भांडल्या, हसल्या, मास्तरांच्या नकला करून लोळल्या. पुढे दामिनीचं लग्न होऊन ती शहापूरला गेली. तिच्या सासरी सगळे ऐकणारे. त्यामुळे दुपारी दोनचा कॉल म्हणजे दामिनीच्या दिवसभरातल्या पहिल्या आणि शेवटच्या गप्पा असत. रत्नमालेचंही घरी काही वेगळं नव्हतं. घरच्यांना तीनच खुणा येत. जेव, चल आणि नंतर. वच्छलाबाई तिला हाक मारायच्या म्हणजे लहानसा खडा हळूच तिच्या पायाशी टाकायच्या. आणि अंकुशची आवडती खूण होती 'नंतर', तळहात पुढे करून हवा ढकलल्यासारखी. बहिणीने हातांची भाषा शिकवू म्हटलं की तो तीच खूण करी. ही खूण मला ओळखीची वाटायची.

आठ वर्षं अशी गेली. दोनदा माझी बॅटरी बदलली. मग गेल्या वर्षी माझ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलच्या ॲपची एक सूचना आली, की 'या डिव्हाइससाठीचे समर्थन अमुक तारखेस समाप्त होईल.' मराठीच होती, पण असली मराठी घरात कोण बोलतं? रत्नमालेने मला उचललं आणि अंकुशसमोर धरलं. तो ड्युटीला निघाला होता. त्याने ओझरतं पाहिलं आणि तळहात पुढे केला. नंतर.

दामिनीला तेव्हा सातवा महिना चालू होता. एके दुपारी तिने सांगितलं, उद्या सकाळी डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावलं आहे, का ते मला कोणी सांगत नाही, मला भीती वाटते, उद्या दोनला सांगते. रत्नमालेने तिला धीर दिला.

ती उद्याची तारीख म्हणजेच माझ्या पडद्यावरची तारीख होती. दोन वाजता रत्नमालेने मला पायलीला टेकवलं आणि ती ॲप उघडायला गेली. ते उघडलं नाही. तिने मला बंद केलं, चालू केलं, पदराने पुसलं. ती चार वाजेपर्यंत माझ्यासमोर बसून होती. पायलीला टेकून मी नुसता उभा. इतकं निरुपयोगी मला बांधीच्या चिखलातही वाटलं नव्हतं.

"अगा अंकुश, हे पोरगी जेवून नाही राहिली," तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या फोनले काय झालं पाय ना."

"साधा मेसेज कर म्हणा तिले," अंकुश म्हणाला. "नवा फोन पुढच्या महिन्यात पाहू."

तिने मेसेज केला होता. दामिनीचं उत्तरही आलं होतं, 'डॉक्टर गेली. बाळ. रडते.' मित्रांनो, या मुलींची खरी भाषा हातांची. लिहायची मराठी त्यांना शाळेत शिकवलेली, जशी तुम्हाला इंग्रजी. जीव घाबरलेला असताना तुम्ही तरी इंग्रजीत किती लिहाल? रत्नमालेने ते चार शब्द भावाच्या डोळ्यांसमोर धरले. या वेळी त्याने ते नीट वाचले आणि गाडी काढली. तो मला एकट्याला नेणार होता, पण तिने मला हातातून सोडलं नाही. तीही मागे बसली.

साकोलीला भुपेंद्रचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या दोन्ही बॅटऱ्या त्यानेच बदलल्या. त्याने मला खोलून पाहिलं.

"भाऊ, फोनले काईच नाही झालं," तो म्हणाला. "मस्त चालू हाये. पण याच्या आतला कारभार जुना. ॲपवाल्यायनं जुन्या फोनायले बंद केलं."

"मंग अपडेट मार ना."

"आता कुठून मारू? कंपनीनं कवाचंच बंद केलं." त्याने माझा नंबर निरखून पाहिला. "पण या मॉडेलले एक मोठा अपडेट आला होता ना. तेवढा घेतला असता तं आजबी चालला असता. काहून नाही घेतला?"

रत्नमाला दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. तिने भावाचा दंड हलवला आणि विचारलं, काय म्हणतो हा? अंकुशचा तळहात सवयीने पुढे आला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याने तो हळूच खाली घेतला. मग गाडी घराकडे न वळवता त्याने महामार्ग धरला. लाखनी गेली, वैनगंगेचा पूल गेला, भंडारा गेलं, तेव्हा रत्नमालेला कळलं की आपण शहापूरला चाललो आहोत. तिने मला छातीशी घट्ट धरलं होतं, म्हणून मला तिचे ठोके मोजता आले.

दामिनी दारातच होती. तिने रत्नमालेला पाहिलं, बोट भुवईच्या टोकाला नेलं आणि ती रडायला लागली. रत्नमालेने सवयीने मला खिडकीत तांब्याला टेकवून ठेवलं आणि दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या. दामिनी हातांनी सांगू लागली. डॉक्टर बोलले, सासू बोलली, नवरा बोलला, सगळ्यांची तोंडं हलली, तिला एवढंच कळलं की बाळाचं काहीतरी वाईट आहे. बाळ गेलं का, असं ती विचारत होती.

अंकुश खुर्चीवर बसून होता. खोलीत एवढं बोलणं चाललं होतं आणि त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याने दामिनीच्या सासूला, सुलोचनाबाईंना विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"लेकरू उलटं हाये म्हणे, डोकं वरतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अजून येळ हाये, बहुतेक फिरन म्हणे. लेकरू चांगलं हाये, भेव नाही. चार खेपा सांगतलं बापा हिले. पण समजवाव कसं? तीन दिवसांपासून रडून राहिली."

अंकुश उठला. आता सगळं त्याच्या तोंडात होतं आणि बहिणीला सांगायला हात नव्हते. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. डाव्या हाताची ओंजळ करून त्याने पोटाशी धरली. उजव्या हाताची मूठ, अंगठा वर, त्या ओंजळीत ठेवली. अंगठ्याकडे बोट दाखवून स्वतःच्या डोक्याला हात लावला. मग ती मूठ ओंजळीत हळूहळू फिरवली, अंगठा खाली येईपर्यंत. मग छातीवर हात ठेवून तो हसला. हसताना त्याचे डोळे भरले होते.

रत्नमालेने श्वास रोखून ते पाहिलं. मग ती दामिनीकडे वळली आणि तिने तेच तिच्या भाषेत, भराभर, नीट सांगितलं. दामिनीने पोटावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो तिथून काढला नाही. सुलोचनाबाई अंकुशला म्हणाल्या, "ते मुठीचं मलेबी शिकव."

पुढच्या आठवड्यात अंकुश नवा फोन घ्यायला गेला, तेव्हा मीही सोबत होतो. दुकानदार कॅमेऱ्याचं कौतुक करू लागला.

"कॅमेरा मंग पाहू," अंकुश म्हणाला. "आधी सांग, याले अपडेट किती वरस भेटन?"

दुकानदाराला खोका वाचून, मग इंटरनेटवर शोधून सांगावं लागलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता दुपारी दोनला तो नवा फोन पायलीला टेकून उभा राहतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण रविवारी ती जागा माझी असते. माझा कॅमेरा अजून चालतो, आणि त्याला कोणाचं समर्थन लागत नाही. पहिल्या रविवारी अंकुशने मला टेकवलं आणि बहिणीला खुणेने सांगितलं, तू दाखव, मी शिकतो. माझ्या कार्डात आता तिच्या हातांचे एकशे चाळीस छोटे व्हिडिओ आहेत. सगळ्यात पहिला तिच्या नावाचा.

तो वच्छलाबाईंनी पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं, "भवईले बोट काहून लावते हे?"

"ते तिचं नाव हाये, आई. शाळेपासून. दामिनी तिले याच नावानं बोलावते."

"तो तीळ जन्माचा हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीले दुसरं नाव हाये, अन् मलेच मालूम नाही." मग त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा, आणि पुन्हा.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला अंगणात कपडे वाळत घालत होती. खडा तिच्या पायाशी येऊन पडला. जेवायला बोलावत असेल म्हणून तिने मान वळवली. दारात वच्छलाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि बोट उजव्या भुवईच्या टोकाला टेकवलं. रत्नमालेच्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं, आणि कोणी ते उचललं नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी आता कुठलाही अपडेट येणार नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही फोन घ्याल तेव्हा त्याची वर्षं विचारून घ्या, आणि तो काही मागेल ते वेळेवर द्या. आणि तुमच्या घरात कोणी तुमचा दंड हलवून 'काय म्हणतात हे?' असं विचारत असेल, तर तळहात पुढे करू नका. मी एकोणीस वेळा विचारलं आणि थांबलो. माणूसही कधीतरी विचारायचं थांबतं.