दगलबाज

गुरुबसप्पानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि शरणम्माच्या शेतात अनवाणी चालू लागला. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. का राहतो, ते जन्मभर कळलं नव्हतं. बांधावर शरणम्माचा धाकटा, भुजंग, वळकटी मांडीशी घेऊन बसला होता.

यंदा गुरुबसप्पानं दाखवलेल्या एकाही विहिरीला पाणी लागलं नव्हतं. पाणीच खोल गेलं होतं, पण ऐकतो कोण? आधी कुणीतरी रागानं त्याला दगलबाज म्हणालं. मग पोरं म्हणू लागली. पुढं त्या शब्दातला रागही संपला. दगलबाजाच्या घरापासून डावीकडं वळा, असा लोक पाहुण्याला पत्ता सांगू लागले. तेच त्याला जास्त लागे. आपण खरंच तसे आहोत की काय, असं त्याला वाटायचं.

शेत संपलं. नारळ हलला नव्हता. परतताना शरणम्मा आडवी आली.

"न्हाई का?"

"न्हाई, माय."

तिनं बांधाकडं पाठ केली.

"मला ठावंच हाय. तुमी पाणी हाय म्हणा."

तिनं आवाज खाली आणला.

"लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधाया लागलेत. थोरला तिथंच परांचीवरून पडून गेला. आता ह्यो निघालाय. हीर खंदाया लागला तर जायचा न्हाई, आप्पा."

"अन् पाणी न्हाई लागलं तर?"

"तंवर तर डोळ्याम्होरं राहील."

नारळ उभा करायला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं.  मग तो पुन्हा चालू लागला. या खेपेला तो पाणी शोधत नव्हता. खणणं लवकर थांबू नये म्हणून माती खोल कुठं आहे, खडक उशिरा कुठं लागेल, ते पायांनी चाचपत होता. ओढ्याच्या कडेला तो थांबला. नारळाखाली हाताचा अंगठा हळूच वर सरकला. नारळ उभा राहिला.

भुजंग वळकटी टाकून धावत आला. देवळापुढं चार लोकांत गुरुबसप्पाला दगलबाज म्हणणारा हाच. त्यानं वाकून पाय धरले.

"चुकलं माझं, आप्पा. कुठून खंदू?"

गुरुबसप्पानं त्याच्याकडं पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यानं त्यानं विहिरीचं रिंगण आखलं. लागतं त्याहून बरंच मोठं.