‘टेकवा’ म्हणायचं कुणी

घरसामान हलवणाऱ्यांत एक नियम असतो. जिन्यात कपाट हातावर असताना कुणी ‘टेकवा’ म्हटलं, की टेकवायचं. का, कशाला, आत्ताच तर टेकवलं होतं, असलं काही विचारायचं नाही. पायरीवर वाद घालत बसलं, तर कपाटाखाली माणूस सापडतो. मात्र काम संपल्यावर चहा पाजायचा, तो ‘टेकवा’ म्हणणाऱ्यानं.

क्रेननं आयुष्यात कुणाला चहा पाजला नव्हता.

क्रेन म्हणजे माणूसच. नाव गल्लीनं ठेवलेलं. जिन्यात सगळा भार खालच्यावर येतो आणि खालची जागा वर्षानुवर्षं त्याची. वरच्या टोकाला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो बिचारा मजला-दीड मजला चढला की ‘टेकवा’ म्हणायचा आणि संध्याकाळी मुकाट्यानं खिशात हात घालायचा.

“तुझ्या भावाला जरा दूध पाज,” क्रेन घरी येऊन म्हणायचा.

“तुम्ही आधी चहा पाजा, मग मी दुधाचं बघते,” बायको म्हणायची.

अशा या क्रेनची पाठ गेली, ती काही कपाटाखाली नव्हे. न्हाणीघरात साबण पडला, तो उचलायला वाकला आणि तसाच राहिला. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. बायकोनं दार ढकललं, तेव्हा स्वारी बादलीला धरून ओणवी उभी होती.

“काही नाही, साबण शोधतोय.”

साबण नाकासमोर होता.

मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी औषध. शेजारी म्हणाला शेका, गोदामाचा रखवालदार म्हणाला बर्फ लावा, आणि गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “पालथे झोपा, मी पाठीवर उभा राहतो, कट्‌कन बसेल.” क्रेन पालथा झोपलाही होता. बायकोनं ड्रायव्हरला दाराबाहेर काढलं आणि नवऱ्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पाठीच्या एमआरआयचा फोटो उजेडात धरला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती. बहुतेकांचं हे औषधं, बेताची हालचाल आणि नीट शिकून केलेला व्यायाम यांनीच बरं होतं, ते म्हणाले. नाहीच झालं, तर मणक्यात इंजेक्शन. आणि पायातली ताकद जायला लागली, तर ऑपरेशन.

क्रेनला शेवटचाच शब्द ऐकू आला. “आणि काम?”

“आधी पाय सांभाळू.”

क्रेन घाबरला. ओझं उचलण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि येत नाही याचा आजवर त्याला अभिमानच होता. पाठीला कात्री लागली की माणूस कामातून गेला, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं ठरवलं, आपण दुखतंय म्हणायचंच नाही. न बोललेलं दुखणं डॉक्टरला सापडणार कसं?

व्यायाम शिकवणारी मुलगी काडीसारखी होती. तिनं क्रेनला रिकामं खोकं उचलायला शिकवलं. मिशीतल्या मिशीत हसत त्यानं ते उचललं.

“चुकलं, काका. खोक्याच्या जवळ जा. गुडघ्यात वाका. पोटाशी धरा. वळायचं तर पाय वळवा, कंबर नको.”

मग पालथं झोपून छाती उचलायची. “कमरेत थोडं दुखलं तर चालेल,” मुलगी म्हणाली. “कळ पायात उतरली, तर लगेच सांगायचं.”

कळ सरळ पोटरीत उतरली.

“कसं वाटतंय, काका?”

“मस्त!”

रोज हेच. रोज मस्त. मुलगीही खूश होऊन व्यायाम वाढवत गेली.

एकदा दवाखान्यातून परतताना बायको मागे पडली. क्रेन वळून म्हणाला, “गोगलगाय झालीस का?”

बायकोच्या हातात चप्पल होती. “ही तुमचीच ना?”

डाव्या पायातून चप्पल गळून पडली होती आणि पायाला त्याचा पत्ताही नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्या पावली ते परत फिरले.

डॉक्टरांनी अंगठा वर उचलायला लावला. तो उचलला, पण कुरकुरत. “याचा जोर आणखी कमी झाला, तर ऑपरेशनला थांबता येणार नाही,” ते म्हणाले.

“पण हे तर रोज मस्त म्हणतात!” मुलगी म्हणाली.

“मस्त? रात्री कूस बदलताना उशी चावतात. अगं, हा माणूस जिन्यातसुद्धा कधी ‘टेकवा’ म्हणाला नाही, तुला काय सांगणार?” आणि बायकोनं चहाच्या नियमासकट सगळं सांगून टाकलं.

मुलगी आधी हसली, मग गंभीर झाली. “म्हणजे मी आंधळेपणानं भार वाढवत होते. काका, तुमची कळ मला दिसत नाही. तुम्ही बोलला नाहीत, तर मी तुम्हाला पाडीन.”

दुसऱ्या दिवशी कळ मांडीत उतरली, तसं क्रेन उशीत तोंड खुपसून पुटपुटला, “टेकवा.”

“ऐकू नाही आलं.”

“टेकवा!”

“काय टेकवू?” पडद्यापलीकडून एक आजोबा दचकून म्हणाले.

त्या दिवसापासून व्यायाम उतरला आणि कळ वर चढू लागली. पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत. अंगठा ताठ उभा राहिला, चप्पल पायात टिकली, ऑपरेशन टळलं. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी कामाला जायची परवानगी दिली, ती वरचं, हलकं टोक धरायच्या अटीवर. खालची जागा मेहुण्याकडे गेली. क्रेनला ते टोचलं, पण तो वर उभा राहिला.

पहिलंच कपाट सागवानी निघालं. पहिला मजला गेला. दुसऱ्याच्या मध्यावर क्रेनच्या तळहातांना काहीतरी जाणवलं. कपाट थरथरत होतं. त्याची स्वतःची पाठ ठीक होती, पाय ठीक होता. थरथर खालून, लाकडातून येत होती.

“टेकवा,” क्रेन म्हणाला.

कपाट टेकलं. मेहुण्याचा चेहरा घाबराघुबरा झाला. “दुखलं का, दाजी?”

“मला नाही. तुझे पाय कापत होते.”

मेहुण्यानं बाहीनं घाम पुसला आणि कपाटाआडून डोकावून हसला. “कळतं ना वरून?”

क्रेन पायरीवर बसला. या जिन्यासारखे किती जिने, आणि दर जिन्यात वरून येणारी तीच हाक. “म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यासाठी…”

“छे हो. मला चहा आवडतो,” मेहुणा म्हणाला आणि कपाट पेलायचा पट्टा परत खांद्यावर चढवू लागला. “चला, उचलायचं?”

क्रेननं खिशात हात घालून चहाचे पैसे चाचपले.

“थांब,” तो म्हणाला. “अजून थोडं टेकलेलं राहू दे.”