दादाराव यंदा नदीत उतरला नाही

पोळा तोंडावर आला की पांढुर्ण्याच्या गड्यांना दगडांची स्वप्नं पडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळस रोवायचा, त्याला झेंडा बांधायचा आणि त्या झेंड्यासाठी पांढुर्णा नि सावरगाव या दोन काठांनी एकमेकांवर गोटे फेकायचे. हीच ती गोटमार. संत्र्याच्या पेट्या ठोकणारा दादाराव म्हणजे त्यातला नावाजलेला गडी.

यंदा श्रावणातच त्याची छाती धडधडू लागली. पेटी उचलली की दम लागे. दुसऱ्या गावच्या माणसानं सरळ दवाखाना गाठला असता. पण पोळ्याआधी छाती धडधडली की पांढुर्ण्याच्या माणसाला एकच सुचतं. आपण भ्यालो! लाजेपोटी त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

मग एकदा तिगावच्या स्टेशनावर निवांत चहा पिताना तीच धडधड. समोर ना सावरगाव, ना गोटा; एक शेळी तेवढी केळीचं साल चघळत होती. शेळीला कोण भितं? घरी येऊन त्यानं बायकोपुढे, पुष्पापुढे, हात केला. तिनं मनगट दाबून पाहिलं. दोन ठोके घाईत, एक उशिरा, मग एक गायबच. कशाचा कशाला मेळ नाही.

"हे भेव नाई," ती म्हणाली. "भेवानं ठोके धावते, पन एका चालीनं धावते. उद्याच नागपूरले चाला."

नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाचा ईसीजी काढला. वरचे कप्पे नीट आवळतच नाहीत, नुसते थरथरतात, म्हणाले. रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर एक अंग लुळं. ठोके आवरायला एक गोळी, रक्त पातळ ठेवायला दुसरी, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही.

"पांढुर्ण्याचे ना तुम्ही? मग गोटमार बंद. डोक्याला मार लागला तर आतलं रक्त थांबायचं नाही."

गोळ्यांनी धडधड आटोक्यात आली आणि दुसरंच संकट उभं राहिलं. गोटा लागून मेला असता तर गावानं वाहवा केली असती. जगायचं ठरवलं तर तोंड लपवायची पाळी. असला हा उफराटा न्याय!

"त्या दिवशी माह्या भावाकडं जाऊ," पुष्पा म्हणाली.

"काहून? म्या चोरी केली काय?"

गोटमारीच्या दिवशी तो सगळ्यांच्या देखत काठावर जाऊन बसला. पुष्पाही शेजारी बसली. त्याचा जुना जोडीदार भिवाजी ओंजळभर गोटे घेऊन आला.

"बसून काय राहिला बे? उतर ना."

"नाई उतरत. दिलाची बिमारी हाय. डॉक्टरनं मनाई केली."

"भेला, असं सीधं सांग ना!"

लोक खदाखदा हसले. कुणीतरी जत्रेतल्या दुकानातून हिरव्या बांगड्या आणून त्याच्यापुढे टाकल्या.

दादारावाच्या अंगाची लाही झाली. पायाशीच हातात मावेल असा गोटा पडला होता. तो उचलून नदीत उतरला असता तर सगळी तोंडं तिथल्या तिथे बंद झाली असती. हात खाली गेलाही. पण त्यानं उचलल्या त्या बांगड्या, आणि मनगट पुष्पापुढे धरलं.

"भर."

काच लागली तर रक्त थांबायचं नाही, म्हणून पुष्पानं पंजा दाबून एकेक बांगडी जपून चढवली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. आजूबाजूचं हसणं हळूहळू थांबलं. दादारावानं तो हात भिवाजीच्या तोंडासमोर धरला.

"पाहून घे. पुढल्या साली बी अठीच काठावर बसीन, ह्याच घालून. पन तुले जिता दिसीन."