अर्धं बोट पुढे

पशुवैद्यक कॉलेजातल्या टेबलावरच्या मेलेल्या घोड्याच्या चौथ्या पायाची कातडी बाईंनी सुरीच्या एका ओढीत बाजूला केली आणि चिमट्यानं तो पांढरा दोरा उचलला. घोट्याखालचा मज्जातंतू. इथंही तो त्यांच्या पुस्तकातल्या जागेपेक्षा अर्धं बोट पुढेच होता.

"चारही पाय तेच सांगतायत, बाई," टेबलाजवळचा जुना मदतनीस म्हणाला.

"डोळे आहेत मला," बाई खेकसल्या आणि लगेच त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

घोडा तरणा होता, पोटदुखीनं एका दिवसात गेलेला. पाय मात्र ठणठणीत. तीस वर्षांत असे पाय त्यांच्या टेबलावर जवळजवळ आलेच नव्हते. घोडा लंगडू लागला की मालकाच्या लेखी तो संपायचा आणि मग इकडे यायचा. अशाच सहा लंगड्या घोड्यांवरून बाईंनी निरोगी पायाची आकृती काढली होती. जुन्या सुजेनं त्या घोड्यांचा मज्जातंतू मागे ओढला गेला असेल, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. त्या आकृतीवरच त्यांचं नाव झालं, बढती झाली, पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या.

पुस्तक काय, प्रकाशकाला एक फोन केला की सुधारेल. पण लेकीचं काय करायचं?

अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी प्रात्यक्षिक परीक्षेला कॉलेजच्या घोड्यापाशी वाकली होती. भुलीची सुई कुठं द्यायची हे तिनं बोट ठेवून दाखवलं, आणि ते बोट अर्धं बोट पुढे होतं. बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं बोट हलवलं नाही. बाईंनी तिला नापास केलं. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, हे त्या नंतर कितीतरी वर्षं सहकाऱ्यांना तोंड भरून सांगत असत. पोरीचं वर्ष गेलं, शस्त्रक्रिया शिकायची जागा हुकली, आणि ती गावाबाहेरच्या तबेल्यांतून घोडे तपासत फिरू लागली. आईशी ती हसून बोलायची. कामाबद्दल मात्र चकार शब्द काढत नसे.

बाईंना एका जागी बसवेना. हात धुतले, पुन्हा धुतले, खुर्चीवरची पर्स उचलली आणि टॅक्सी पकडली. वाटेत त्यांनी चार-पाच वाक्यं जुळवली आणि सगळी मोडली.

तबेल्यात मुलगी कालपासूनच लंगडू लागलेल्या एका घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यावर घेऊन बसली होती. मोतद्दारानं घोड्याचं तोंड धरलं होतं.

"आई? तू इथं कशी?"

"सहज आले. तुझं चालू दे."

मुलीनं सुई उचलली. तिचं बोट कातडीवर एका जागी टेकलं, थांबलं, आणि हळूच मागे सरकलं. पुस्तकातल्या जागेवर.

"डॉक्टर, आज मागं का?" मोतद्दार म्हणाला. "एरवी तर पुढं टोचता. तिथंच लागते ना भूल?"

"तू तोंड धर त्याचं," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

इतकी वर्षं लेक रोज बरोबर टोचत होती, आणि आज आई शेजारी उभी आहे म्हणून चुकीचं टोचायला निघाली होती. बाई साडीचा विचार न करता ओल्या गवतात तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पुढे सरकवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तू बरोबर होतीस. चूक माझी होती. आज चारही पाय उघडून पाहिले मी."

मुलीनं वर पाहिलं नाही. घोड्यानं कान हलवले.

"हात सोड, आई," ती म्हणाली. "सुई हलतेय."

बाईंनी हात सोडला. सुई तरीही हलतच होती.