बातमीत नसलेला दवाखाना

दोन हजार सातच्या पंचायत समितीच्या निवडणुकीला गावाचा गण बायकांसाठी राखीव सुटला, तेव्हा पंचफुलाबाईचं नाव पहिल्यांदा काढलं ते आशाबाईनं. आशाबाई गावातल्या मोठ्या मराठा शेतकऱ्याच्या घरची. पंचफुलाबाई धनगरवाड्यातली, लिंबाजीची बायको. एरवी दोघींचं बोलणं रामराम घालण्यापुरतं. पण आदल्या पावसाळ्यात गावात शेळ्यामेंढ्यांची साथ आली. नाकातोंडातून पाणी, मग हगवण, तिसऱ्या दिवशी जनावर आडवं. गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला चार वर्षांपासून कुलूप होतं. डॉक्टरची बदली झाली आणि नवा आलाच नाही. लिंबाजीची निम्मी मेंढरं गेली, आशाबाईच्या सगळ्या शेळ्या गेल्या. बौद्धवाड्यातल्या मिराबाईची एकुलती शेळी गेली; तिच्या दुधावर मिराबाईचं आईवेगळं नातवंड वाढत होतं. ओढ्याकाठी एकच खड्डा खणून सगळ्यांची जनावरं पुरली. त्या खड्ड्याकाठी या बायका पहिल्यांदा एकमेकींशी धड बोलल्या.

"मी उभी राहिले तर आमचे मालक बोलतील अन् मी नुसती मान हालवीन," आशाबाई म्हणाली. "तुला बोलता येतं. तू व्हय म्हण."

पंचफुलाबाईनं चार दिवस विचार केला आणि व्हय म्हणाली. अपक्ष म्हणून अर्ज भरला, चिन्ह मिळालं कपबशी. प्रत्येक दारात ती एकच बोलायची. दवाखान्याचं कुलूप काढू, डॉक्टर आणू, पावसाळ्याच्या आधी सगळ्या जनावरांना लस टोचून घेऊ. आधी हसणारे बाप्ये हळूहळू ओट्यावर बसवून ऐकायला लागले. आशाबाईच्या नवऱ्यानं, रामकिशननं, प्रचाराला आपली जीप दिली.

मतदानाला दहा दिवस राहिले असताना हिंगोलीहून पेपरवाला आला. सोमेश्वर त्याचं नाव. पंचफुलाबाईनं त्याला बंद दवाखाना दाखवला, ओढ्याकाठी नेलं, कोणाची किती जनावरं मेली ते सांगितलं. त्यानं ऐकलं, पण वहीत फारसं लिहिलं नाही.

"वैनी, या गणात तुमच्या समाजाची घरं किती?" त्यानं विचारलं.

"मोजली न्हाईत, भाऊ. शेळ्या तर समद्यांच्याच हायत."

"मराठा मतं फुटतील असं वाटतं का?"

"त्यांचीबी जनावरं मेली नं."

मग त्यानं लिंबाजीची घोंगडी तिच्या खांद्यावर टाकायला लावली, हातात कोकरू दिलं आणि फोटो काढला. ते कोकरू दोनच दिवसांचं होतं. ती त्याला छातीशी धरून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पेपर आला. पंचफुलाबाई चौथी शिकलेली. अक्षराखाली बोट धरून वाचायची. वर फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात, 'धनगराची सून मैदानात, मराठा गडाला हादरा?' खाली चौकट, कोणत्या जातीची किती मतं आणि कोणाचं पारडं जड. ती बोट सरकवत 'दवाखाना' हा शब्द शोधत राहिली. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'गणात काही स्थानिक प्रश्नही आहेत.'

त्या सांजेला जीप आली नाही. ती आशाबाईच्या घरी गेली, तर रामकिशन ओट्यावर पेपर घेऊन बसलेला.

"हादरा द्यायला निघालात व्हय आमाला?"

"दाजी, मी कवा म्हणलं असं?"

"छापून आलंय. उगाच छापत न्हाईत लोक."

आशाबाई दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही. वाटेत मिराबाईच्या जावयानं विचारलं, "चौकटीत आमचीबी मतं मोजली. तुमी ती धरूनच चालल्या काय?" खुद्द धनगरवाड्यात पोरं फोटो नाचवत होती, आता दाखवतो म्हणत होती. तिनं त्यांना थांबवलं, तर त्यांना तिचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं हिंगोलीला गेली. सोमेश्वरनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"मी लिहिलं होतं, वैनी. वरून कापलं. दवाखाना म्हणलं की लोक पान उलटतात म्हणे."

"मग परत लिव्हा. मी जातीवर उभी न्हाई, एवढं तरी लिव्हा."

त्यानं ते लिहिलं. छापून आलं ते असं, 'जातीच्या उल्लेखानं पंचफुलाबाई भडकल्या.'

मतमोजणीला लिंबाजी एकटाच गेला आणि लवकर परतला. धनगरवाड्याबाहेरची मतं हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. मंजुषा नावाची एका पुढाऱ्याची सून निवडून आली. तिला दवाखान्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिनं कबूलही काही केलेलं नव्हतं. पेपरानं लिहिलं, जातीचं गणित बरोबर निघालं.

श्रावणात साथ परत आली. पाचव्या दिवशी आशाबाई पंचफुलाबाईच्या दारात आली. रामकिशननं नव्यानं घेतलेल्या शेळ्यांपैकी एक तिच्या पायाशी धापा टाकत होती.

"मी त्या दिवशी बाहेर यायला पायजे होतं," आशाबाई म्हणाली.

पंचफुलाबाईला राग होता, आणि तो आशाबाईला दिसावा असंही वाटत होतं. पण शेळी कण्हली, तशी ती खाली बसली. गुळमिठाचं पाणी पाजलं, पोट चोळलं. दुपारी शेळी गेली.

ओढ्याकाठी पुन्हा खड्डा खणला. सोमेश्वर कॅमेरा घेऊन आला. सवयीनं त्यानं विचारलं, "वैनी, यातली धनगरवाड्याची किती?"

तिनं खड्ड्यात पाहिलं. काळी, पांढरी, तांबडी, एकमेकांच्या अंगावर पडलेली. लिंबाजीची मेंढरंही आता वेगळी ओळखू येत नव्हती.

"मला न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "तुमीच बघा उतरून."

तो उतरला नाही. आशाबाईनं चुन्याच्या पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं पंचफुलाबाईनं. दोघींनी मिळून ते खड्ड्यात ओतलं आणि माती लोटायला लागल्या. ती बातमी पेपरात आली की नाही, ते पंचफुलाबाईनं पाहिलं नाही.