दोन कॅमेरे आणि एक आक्का

पुंजाराम गांगुर्डे सरांनी आयुष्यात एकच गोष्ट झटपट ठरवली, ती म्हणजे लग्न. तेही, लताबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, विचार करायला कुणी वेळच दिला नाही म्हणून. बाकी सगळ्यात सरांचं काम सावकाश. मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा लेक सृष्टी शाळेत होती, आणि मिक्सर घरात आला तेव्हा ती कॉलेजात जायला लागली होती. तोपर्यंत लताबाईंनी पाट्यावरच वाटण वाटलं आणि वाटता वाटता नवऱ्याच्या नावाने काय काय म्हटलं, ते पाट्यालाच माहीत.

त्यामुळे निवृत्त झाल्यावर सरांनी एक दिवस नाशकातल्या जेल रोडच्या घरात चहा पिता पिता जाहीर केलं, की आपल्याला एक चांगला कॅमेरा घ्यायचाय, तेव्हा लताबाईंनी एवढंच विचारलं, "याच जन्मात का?"

सरांना राग आला नाही. कारण कॅमेरा का हवा, ते लताबाईंनाही माहीत होतं. ते समोरच्या भिंतीवरच होतं.

भिंतीवर वर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली सरांच्या आईची. आईची तसबीर म्हणजे कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला तुकडा. माय पंगतीत बसलेली आहे आणि बुंदी वाढणारा कुठवर आलाय, ते मान वळवून बघते आहे. तिचा दुसरा फोटोच नव्हता. खांद्यावर कुणाची तरी चार बोटं आहेत. ती सरांच्या थोरल्या बहिणीची, साळूबाईची, म्हणजे आक्काची. फोटो कापणाऱ्याला आक्का कापता आली, पण बोटं काही काढता आली नाहीत. तेव्हापासून सर रोज सकाळी आईसमोर उभे राहतात, आणि माय रोज सकाळी बुंदीवाल्याकडे बघते. इतक्या वर्षांत एकदाही तिने पोराकडे पाहिलं नाही.

आणि आता आक्काही थकली होती. माय मजुरीला जायची तेव्हा पुंजाला कडेवर घेऊन हिंडणारी ती आक्काच. गेल्या भेटीत सरांनी तिचा हात हातात घेतला, तर नुसत्या बांगड्याच हाताला लागल्या. घरी आल्यावर म्हणाले, "लता, आक्काचा एक नीट फोटो पाहिजे. माझ्याकडे बघत असलेला. ती हातची जायच्या आत."

"मोबाईल आहे की," लताबाई म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच हसू आलं. आक्कासमोर मोबाईल धरला की तिला वाटतं व्हिडिओ कॉल लागलाय. ती लगेच पुढे वाकते आणि ओरडते, "कोण हाय? सृष्टी हाय का? आवाज येईना गं तुझा!" मोबाईलमधल्या यच्चयावत फोटोंत आक्काचं तोंड उघडं आहे आणि नाक फोटोभर आहे.

म्हणून कॅमेरा. पण कोणता? इथे सरांची गाडी अडली. एक होता मिररलेस. मोठा, गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलता येणारा, डोळा लावून पाहायचा. दुसरा कॉम्पॅक्ट. खिशात मावणारा, मागच्या छोट्या पडद्यावर बघून बटण दाबायचं. मोठ्यात चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती येते, आणि छोटा काढला तर समोरच्याला पत्ताही लागत नाही. सर रोज दुपारी यूट्यूबवर कुण्या परक्या देशातल्या दाढीवाल्या पोरांची भाषणं ऐकू लागले. सकाळी मिररलेस ठरायचा, संध्याकाळी कॉम्पॅक्ट. भाजीवाल्याला, वॉचमनला, विहारात भेटलेल्या भन्तेजींनाही त्यांनी मत विचारलं. भन्तेजी म्हणाले, मध्यम मार्ग घ्या. सरांनी घरी येऊन तोही शोधला, आणि तसा कॅमेरा सापडल्यावर उमेदवार तीन झाले.

"मिररलेस म्हणजे आरसा नसलेला ना?" लताबाईंनी एकदा विचारलं. "मग आरसा काढून टाकला तर महाग कसा? आपल्या कपाटाचा आरसा फुटला तेव्हा कपाटाचे जास्त पैसे आले असते का?"

सरांनी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण लताबाई तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

शेवटी पुण्याहून सृष्टीचा फोन आला. "पप्पा, नाशकात कॅमेरे भाड्याने मिळतात. दोन्ही आणा, आक्काआत्याकडे जा, बघा कोणता जमतो ते. नाहीतर आत्याचा फोटो माझ्या पोरांना काढायला लागेल."

"तुझं लग्न कुठं झालंय अजून," सर म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

कॉलेज रोडच्या दुकानातल्या चैताली नावाच्या मुलीने दोन्ही कॅमेरे भाड्याने दिले, वर तीन पायांचा स्टँडही दिला. रविवारी सर स्कूटरवर पुढे, लताबाई मागे, स्टँड मधे, अशी वरात दिंडोरीच्या पुढच्या गावात पोचली. आक्काचा मुलगा भिकन याच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. अंगणातल्या शेडमधे बाया घड निवडत बसल्या होत्या, आणि आक्का त्यांच्यात बसून कुणाचा घड चांगला न् कुणाचा भिकार, ते न विचारता सांगत होती.

सरांनी अंगणात स्टँड उभा केला, त्यावर मोठा कॅमेरा चढवला. आक्काने ते तीन पाय वरपासून खालपर्यंत पाहिले. मग उठली आणि घरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती पांढऱ्या साडीत. पौर्णिमेला विहारात जायची साडी. केसांना तेल, डोक्यावर पदर. खुर्ची ओढून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेहरा असा केला, जसा कचेरीत साहेबासमोर करतात.

"घे," ती म्हणाली.

सरांनी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. सुरकुत्या सगळ्या आल्या होत्या. आक्का तेवढी आली नव्हती.

"आक्का, जरा हस की."

"पुण्यानुमोदनाच्या फोटूत कोणी हसतं व्हय?"

सर कॅमेऱ्यामागून बाहेर आले. पुण्यानुमोदन म्हणजे माणूस गेल्यावरचा कार्यक्रम, आणि त्याच्या पत्रिकेवर गेलेल्याचा फोटो असतो. सरांनी या विषयाचा ब्रसुद्धा काढला नव्हता. "तुला कोण म्हणालं असं काही?"

"मग हे तीन पायाचं माझ्या बारशाला आणलंय का?" आक्का म्हणाली. "मी काय येडी हाय? लाजू नको रं. उलट बरं केलं. ती शेजारची सावित्री गेली तवा तिच्या पोरांनी आधारकार्डावरचा फोटू मोठा केला. अर्धं गाव पत्रिका हातात घेऊन इचारत होतं, ही कोण गेली म्हणून. माझं तसं नको. नीट घे. पदर दिसतोय ना?"

शेडमधल्या बाया खालमानेने हसत होत्या. सरांनी पुष्कळ फोटो घेतले. सगळ्यांत आक्का सरळ समोर बघत होती, आणि सगळ्यांत ती जणू आजच गेली होती. लताबाईंनी मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे बघून मलाच रडू यायला लागलंय. आवरा."

जेवणं झाली. आक्काने पांढरी साडी घडी करून ठेवली, रोजचं पातळ नेसली आणि परत बायांमधे जाऊन बसली. आता सरांनी खिशातून छोटा कॅमेरा काढला. तो आक्काला तंबाखूच्या डबीएवढा वाटला असावा. तिने त्याला विचारातच घेतलं नाही. ती आपली गोष्टी सांगत होती, भिकनला नावं ठेवत होती, मधेच द्राक्षाचा एखादा मणी तोंडात टाकून डोळे बारीक करत होती. हसली की तिचे उरलेले सगळे दात दिसत होते. सरांना हीच आक्का पाहिजे होती. ते पुढून, मागून, बसून, वाकून बटण दाबत राहिले.

मग सावलीला जाऊन त्यांनी पडद्यावर एकेक फोटो पाहिला. एकात आक्का शेजारणीकडे बघतेय. एकात कुत्र्याकडे. एकात भरलेल्या क्रेटकडे. एकात कुठेतरी बांधाकडे. सर बघत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. हा सगळा बुंदीवालाच होता.

ते आक्कासमोर येऊन एका पालथ्या क्रेटवर बसले.

"काय रं? बिघडला का डबा?"

"डबा नाही बिघडला." सर क्रेटवरच पुढे सरकले. "आक्का, मला तू माझ्याकडे बघितलेली पाहिजे. बाकी काही नको. माय रोज दुसरीकडेच बघते. आता तूही..."

आक्काने हातातला घड खाली ठेवला.

"सकाळी त्या खोक्याला डोळा लावून बसला," ती म्हणाली. "आता त्या डबीत मुंडकं खुपसून फिरतोय. मी बघते तवा तू असतो का जाग्यावर? मी काय खोक्याकडं बघून हसू? ते काय माझ्या कडेवर वाढलंय?"

यूट्यूबवरच्या दाढीवाल्या पोरांनी हे कुठे सांगितलं नव्हतं.

लताबाई उठल्या आणि त्यांनी सरांच्या हातातून छोटा कॅमेरा काढून घेतला. "द्या इकडे."

"अगं, आधी अर्धं बटण दाबायचं, मग फोकस..."

"तुम्ही गप बसा आणि आक्कांशी बोला."

सरांना रिकाम्या हातांचं काय करावं, ते कळेना. आक्का त्यांच्या डोक्याकडे, मिशीकडे, सैल पडलेल्या गळ्याकडे बघत होती. कॅमेऱ्याच्या भानगडीत सकाळपासून तिलाही भाऊ नीट बघायला मिळाला नव्हता.

"म्हातारा झाला रं पुंजा," ती हळूच म्हणाली. आणि मग तिला कशाचं हसू आलं कोण जाणे, पण ती हसायला लागली. "कान तेवढे तसेच हायेत. सुपासारखे. लहानपणी तुला शोधायचं म्हटलं की मी आधी कानच हुडकायची."

सरांनाही हसू आलं, आणि त्याबरोबर डोळे भरून आले. या बाईने आपल्याला वाढवलं, आणि ती अजून आहे, समोर आहे, एवढंच त्यांच्या मनात होतं. लताबाई मागे त्यांच्या खांद्यावरून वाकल्या होत्या, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. बटणाचा आवाजही त्यांना आला नाही.

मग सरांनी फोटो पाहिला. आक्का फोटोतून सरळ त्यांच्याकडे बघत होती, रोजच्या पातळात, हसून, डोळ्यांसकट. फक्त डाव्या कोपऱ्यात सरांचा कान आला होता. भलामोठा, उन्हाने लाल झालेला.

"किती दिवस सांगतेय," लताबाई म्हणाल्या, "कानातले केस कापा म्हणून."

निघताना आक्काने कॅमेरा लांब धरून, जवळ धरून फोटो पाहिला आणि हुकूम सोडला, की हा आत्ताच भिंतीवर लावायचा. मेल्यावर लावला तर मला कसा दिसणार? सर चाचरत म्हणाले, की जित्या माणसाचा फोटो आईच्या शेजारी लावला तर लोक काय म्हणतील. आक्का म्हणाली, लोक येतील तेव्हा मी फोनवर बोलीन त्यांच्याशी.

सोमवारी दोघं कॉलेज रोडला गेले. चैतालीने स्टँड आत ठेवला, दोन्ही कॅमेरे तपासून काउंटरवर मांडले आणि विचारलं, "मग सर, काय ठरलं? मिररलेस की कॉम्पॅक्ट?"

"तसं बघायला गेलं," सरांनी सुरुवात केली, "तर मोठ्याच्या सेन्सरमधे..."

"छोटा द्या," लताबाई म्हणाल्या. "नवीन. आणि बिलावर माझं नाव घाला, फोटो मीच काढणार आहे."

सरांनी दोन्ही कॅमेऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. मग चैतालीने नवा छोटा कॅमेरा आणून दिला आणि आक्काचा फोटो मोठा करायला कॉम्प्युटरवर उघडला. "काय मस्त आलाय," ती म्हणाली. "फक्त हा कोपऱ्यात कुणाचा तरी कान आहे. मी काढून टाकते सर, कळणारसुद्धा नाही."

लताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता कान ठेवावा की काढावा यात दिवाळी उजाडणार, असं धरून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"नको," सर लगेच म्हणाले. "कान राहू दे."

लताबाई खुर्चीवर टेकता टेकता थांबल्या.

"पण सर, फ्रेममधे विचित्र दिसेल," चैताली म्हणाली. "बघणाऱ्याला कळणार नाही कुणाचा आहे ते."

"आमच्या घरी कळतं," सर म्हणाले. "मायच्या खांद्यावरची बोटंही कळतात."

लताबाईंनी नवा कॅमेरा उचलला आणि पर्समधे ठेवला.