जुळ्यांतला लंगडा कोण

जुळ्या भावांच्या खेळात जुळे दोन नसतातच. एकच नट डावीकडून आत जातो, पडद्यामागून धावत सुटतो आणि उजवीकडून दुसरा भाऊ होऊन येतो. शेवटी मात्र दोघांना समोरासमोर यावं लागतं. तेवढ्यापुरता कुणीतरी तसलाच मुखवटा चढवून मुकाट उभा राहतो. आमच्या मंडळीत धावायचा झुआने, उभा राहायचा त्याचा भाचा व्हेत्तोर. मी खेळातली मोलकरीण. आम्हा बायकांना मुखवटा नसतो, तोंड आपलं आपणच सांभाळायचं.

झुआनेचा गुडघा कामातून गेला होता. मालक अल्व्हिझेंनी बजावलं होतं, "आज या पादोवा शहराच्या चौकात लंगडलास, तर उद्या गाडीत तुला जागा नाही." या वयात त्याला दुसरं कोण घेणार?

पहिल्याच अंकात गुडघ्याने दगा दिला. झुआने पडद्यामागे मटकन बसला.

"मामा, तुम्ही शेवटी नुसते उभे राहा," म्हणत व्हेत्तोर पळालाही.

माझ्या हातचा मार एका भावाने खाल्ला, माझी पोलेंताची लापशी दुसऱ्याने चापली. लोक हसून बेजार. तीच चाल, तोच किरटा आवाज. मलाही फरक कळेना, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. झुआनेबरोबर मी अर्धं आयुष्य काम केलंय.

खेळ संपताच मालक मागे आले. दोघांचे मुखवटे अजून तोंडावरच होते.

"झुआने, लेका, आज तोडलंस! पुढच्या हंगामाचं पक्कं समज. पण शेवटच्या प्रवेशात तो तुझा भाचा! खांबाला धरून, एक पाय वर! लंगडं घोडं मला नको. उद्यापासून त्याची सुट्टी. तुमच्यातला व्हेत्तोर कोण रे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चोळीची नाडी आवळत बसले.

मग एक जण पुढे सरकला. मांडीवर हात, खांदा कललेला, पाय फरफटत. हुबेहूब.

"मी, मालक."

दुसऱ्याने मुखवटा काढला. तो झुआने होता.

"खोटं बोलतोय पोरगं. लंगडा मी," तो म्हणाला. "पण पाहिलंत ना? लंगडतोसुद्धा माझ्यापेक्षा झकास."

मग तो कपड्यांच्या पेटीकडे गेला, कुणापासून न लपवता लंगडत.